झाकण काढून थेट डायवर वॉटरब्लॉक: रायझन ७००० साठी सविस्तर कृती

कंप्युटरच्या वॉटर-कूलिंगला ३६० मिमीचा रेडिएटर लावला, पंखे पूर्ण वेगाने सोडले, पाणी हाताला जेमतेम कोमट लागतंय, आणि तरीही रायझन ९ ७९५०एक्स हा एएमडीचा प्रोसेसर रेंडरिंगला लावला की ९५ अंशांवर जाऊन ठाण मांडतो. अशा वेळी बरेच जण आणखी एक रेडिएटर विकत घेतात. ते पैसे फुकट जातात, कारण पाणी आधीच थंड आहे. उष्णता अडकलीय ती पाण्याच्या अलीकडे, प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात.

ते झाकण काढून वॉटरब्लॉक (ज्यातून पाणी फिरतं तो ठोकळा) थेट सिलिकॉनच्या डायवर, म्हणजे झाकणाखालच्या उघड्या चिपवर, कसा बसवायचा, ते इथे सांगतो. उदाहरण म्हणून एएमडीचा एएम५ सॉकेट आणि रायझन ७००० मालिका धरली आहे, कारण तिथे या खटाटोपाचा फायदा सगळ्यांत ठळक दिसतो. इंटेलच्या प्रोसेसरांनाही तत्त्व हेच लागू पडतं, पण ओजार, फ्रेम आणि ब्लॉक वेगळे असतात. एकाचं सामान दुसऱ्याला चालत नाही.

उष्णता नेमकी कुठे अडते

एएम५ आणताना एएमडीने जुन्या एएम४ चे कूलर चालावेत म्हणून प्रोसेसरची एकूण उंची तेवढीच राखली. त्यापायी तांब्याचं झाकण चांगलंच जाड झालं. खाली मात्र कोअर असलेल्या चिपलेट, म्हणजे सीसीडी, फारच लहान आहेत. एकेकीचं क्षेत्रफळ साधारण ७० चौरस मिमी. ७९५०एक्समध्ये अशा दोन, आणि त्याही झाकणाच्या मध्यावर नसून एका कडेला. या प्रोसेसरची वीज-मर्यादा २३० वॅट आहे. एका सीसीडीतून ८० वॅट निघतात असं धरलं, तर दर चौरस मिलिमीटरमागे १ वॅटहून जास्त उष्णता वर यायला बघते. वाटेत इंडियमचं सोल्डर, मग जाड तांबं, मग थर्मल पेस्ट, मग ब्लॉकचा तळ. प्रत्येक थर काही अंश खातो.

आता पाण्याचा हिशोब बघा. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल, तर ते १ अंशाने तापायला सुमारे ७० वॅट लागतात. म्हणजे २१० वॅटचा प्रोसेसर त्या पाण्याला एका फेरीत ३ अंश तापवतो. चांगल्या डी५ पंपावर नेहमीच्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या बंद वाटेत, मिनिटाला ३ ते ४ लिटर सहज मिळतात, तेव्हा हा फरक १ अंशाच्या आसपास येतो. पाणी ३८ आणि डाय ९५ दाखवत असेल, तर मधले ५७ अंश रेडिएटर वाढवून कमी होणार नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ही मालिका आली तेव्हा डेरबाउअर या जर्मन ओव्हरक्लॉकरने ७९००एक्सचं झाकण काढून सुमारे २० अंशांची घट दाखवली होती. तेवढी घट नुसता रेडिएटर वाढवून कोणी दाखवलेली मला तरी माहीत नाही.

मग पाणीच थेट सिलिकॉनवर का सोडू नये? कल्पना वेडगळ नाही. बेल्जियममधल्या आयमेक संस्थेने २०१८ मध्ये उघड्या चिपवर बारीक नोझलमधून पाण्याचे फवारे सोडणारा, थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला कूलर दाखवला होता. पण ७० चौरस मिमीच्या गुळगुळीत पृष्ठावर नुसतं पाणी वाहून भागत नाही. पाण्याला स्पर्श करायला क्षेत्रफळ लागतं. ब्लॉकच्या तळातल्या बारीक तांब्याच्या पात्या ते देतात. या बारीक खाचांचं महत्त्व स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीस यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं होतं. घरच्या टेबलावर करायचं तर डाय, त्यावर लिक्विड मेटलचा (गॅलियम असलेल्या द्रव धातूचा) पातळ थर, आणि त्यावर पात्यांचा ब्लॉक, हीच रचना शहाणपणाची.

आधी हे करून बघा

बायोसमध्ये जाऊन इको मोड १०५ वॅट लावा. प्रत्यक्ष वीज-मर्यादा १४२ वॅटवर येते, तापमान धाडकन उतरतं, आणि बहुतेक कामांत वेग फारसा कमी झालेला जाणवत नाही. बायोसमधल्याच कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने व्होल्टेज थोडं कमी केलं तर आणखी फायदा. यात पैसा लागत नाही, आणि नुसत्या इको मोडने वॉरंटीही जात नाही. यावर तुमचं समाधान झालं तर इथेच थांबा. मी मनापासून सांगतोय. गेम खेळण्यासाठी तर झाकण काढण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. गेममध्ये हा प्रोसेसर क्वचितच पूर्ण वीज ओढतो. तासन्‌तास रेंडर, कंपाइल किंवा सिम्युलेशन चालवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना याच कामाची हौस आहे त्यांच्यासाठी पुढचं आहे.

तीन वर्षांची वॉरंटी झाकण सुटताच संपते, हे गृहीत धरा. ७८००एक्स३डी असेल तर त्याच्या डायवर कॅश मेमरीचा आणखी एक थर चढवलेला आहे. तो मुळात कमी वीज खातो, तापमानाची मर्यादाही ८९ अंश. तिथे जोखीम तेवढीच आणि फायदा कमी. मी तो सोडून देईन.

सामान

एएम५ साठीच बनवलेलं डिलिड ओजार, म्हणजे झाकण काढायचं ओजार. उघड्या डायसाठी बनवलेला वॉटरब्लॉक आणि त्याच्यासोबतची फ्रेम. थर्मल ग्रिझलीचा मायक्रो डायरेक्ट-डाय हा त्यातला माहितीतला. ब्लॉकचा तळ निकेल चढवलेलाच हवा. लिक्विड मेटल, उदाहरणार्थ कंडक्टोनॉट. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं. प्लास्टिकची पातळ पट्टी (जुनं एटीएम कार्ड चालतं), कापसाच्या काड्या, धागे न सुटणारा कपडा, नायट्राइल हातमोजे, टॉर्क्स बिटांचा संच, आणि पारदर्शक कन्फॉर्मल कोटिंग (सर्किटवर द्यायचा वीजरोधक लेप) किंवा साधं रंगहीन नेलपॉलिश.

लूपसाठी डी५ पंप व टाकी, २३० वॅटला किमान ३६० मिमीचा जाड रेडिएटर (दोन असतील तर पंखे हळू चालवता येतात), जी १/४ आट्यांची फिटिंग, आणि १०/१६ मिमीची मऊ नळी. पहिल्या वेळी कडक नळीच्या वाटेला जाऊ नका. ती दिसते सुंदर, पण ब्लॉक काढून पुन्हा बसवायची वेळ आली की रडवते, आणि थेट-डाय बसवताना ती वेळ येतेच.

रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या. स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकबरोबर एका पाण्यात आला की गंज धरतो. लिक्विड मेटलमधलं गॅलियम तर ॲल्युमिनियम अक्षरशः पोखरून टाकतं. कामाच्या टेबलावर ॲल्युमिनियमची वस्तूच ठेवू नका.

पाण्याबद्दल एक गोष्ट. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं म्हणून विकलं जाणारं सगळंच पाणी खरोखर डिस्टिल्ड नसतं. आरओचं पाणी तर नकोच, त्यात क्षार उरतात. तयार कूलंट घ्या. नाहीतर खात्रीचं डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात शेवाळनाशक आणि गंजरोधक टाका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसत्या पाण्यात शेवाळ धरायला फार दिवस लागत नाहीत.

पहिली पायरी: झाकण असतानाचे आकडे

ही पायरी गाळलीत तर शेवटी फायदा झाला की नाही, ते कळणारच नाही. रायझन ७००० स्वतःच ९५ अंशांपर्यंत वेग वाढवत नेतो. झाकण काढल्यावर मोकळीक मिळाली की तो जास्त वीज ओढतो, वेग वाढवतो, आणि तापमान तुम्हाला वाटलं होतं तेवढं उतरत नाही. लोक इथे फसतात. म्हणून बायोसमध्ये पीपीटी, म्हणजे वीज-मर्यादा, १५० वॅटला बांधा, सिनेबेंच आर२३ ही चाचणी दहा मिनिटं चालवा, आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही सीसीडींचं तापमान, वॅट आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवा. नुसतं डायचं तापमान लिहून उपयोग नाही. डाय वजा पाणी हा फरक महत्त्वाचा, कारण खोलीचं तापमान रोज वेगळं.

झाकण काढणं

प्रोसेसर ओजारात बसवताना त्रिकोणी खूण जुळली आहे ना, ते दोनदा बघा. झाकणाला आठ पाय असतात, प्रत्येक पायाखाली डिंकासारखा चिकट थर असतो, आणि पायांच्या मधल्या खाचांत उघडे कपॅसिटर बसलेले असतात. याच कपॅसिटरांमुळे ब्लेड घालून डिंक कापायचा जुना प्रकार इथे धोक्याचा आहे. एक कपॅसिटर उडाला तर प्रोसेसर गेल्यात जमा.

ओजाराचा स्क्रू ॲलन कीने हळूहळू फिरवा. झाकण अगदी किंचित सरकल्याचं जाणवलं की थांबा, स्क्रू सैल करा, आणि दुसऱ्या बाजूने ढकला. पुन्हा पहिल्या बाजूने. एकाच बाजूला जोर लावून झाकण ओढून काढायचा मोह होतो, तो आवरा. डिंक आधी फाटतो, तेव्हा बारीक करकर ऐकू येते. त्यानंतर इंडियम. हा धातू इतका मऊ की पुढे-मागे हलवत राहिलं की थकून सुटतो. प्रत्येक फेरीत झाकण थोडं जास्त सैल लागत जातं. शेवटी हाताने वर उचलता येईल, तेव्हाच उचला. उचलताना चिकटल्यासारखं वाटलं तर ओढू नका, परत दोन फेऱ्या करा. डायला धरून बसलेलं सोल्डर उपटताना डायच वर येऊ शकतो.

सफाई

आता तीन डाय दिसतील: दोन सीसीडी आणि एक मोठा आयओ डाय. सगळ्यांवर इंडियमचा करडा, खडबडीत थर. आधी डायखालच्या हिरव्या तळावरचा काळा डिंक प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पट्टी नेहमी कपॅसिटरपासून दूर, बाहेरच्या दिशेने न्या. डिंक थोडा राहिला तरी चालेल, फक्त फ्रेम जिथे टेकणार तिथे उंचवटा नको.

सोल्डर ब्लेडने खरवडू नका. सिलिकॉन कडक असलं तरी त्याचे कोपरे ठिसूळ असतात. त्याऐवजी लिक्विड मेटलचा एक थेंब सोल्डरवर चोळा आणि काही मिनिटं थांबा. गॅलियम इंडियममध्ये मुरतं, थर लोण्यासारखा होतो आणि कापसाने पुसून निघतो. दोन-तीनदा करावं लागतं. शेवटी अल्कोहोलने पुसलं की डाय आरशासारखा चमकतो. पुसलेला कापूस इतस्ततः टाकू नका. त्यातला सूक्ष्म कण मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होईल.

मग डायच्या आजूबाजूला जे बारीक घटक उघडे दिसतील, त्यांवर कोटिंगचा किंवा नेलपॉलिशचा पातळ थर द्या. डायवर एक टिपूसही नको. पूर्ण वाळू द्या. घाई असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

सॉकेट आणि फ्रेम

मदरबोर्ड केसमधून बाहेर काढा आणि टेबलावर आडवा ठेवा. मूळ पकडीचे स्क्रू काढताना मागची प्लेट सैल होऊ शकते, तेव्हा खालून हात असू द्या. पिना आता उघड्या आहेत. एएम५ मध्ये पिना मदरबोर्डवर असतात, आणि वाकलेली पिन सरळ करणं हे घड्याळजीचं काम आहे. प्रोसेसर ठेवण्याआधी पिनांवरून काही म्हणजे काही जाऊ देऊ नका, कपडासुद्धा नाही.

झाकण गेल्यावर प्रोसेसरला पिनांवर दाबून धरणारी मूळ पकड चालत नाही, कारण ती झाकणाच्या कडांवर टेकत होती. तो दाब आता ब्लॉक आणि फ्रेम मिळून देतात. दाब कमी पडला तर काही पिनांचा संपर्क होत नाही. मशीन चालूच होत नाही, किंवा चालू होतं पण दोनपैकी एक रॅम दिसत नाही. जास्त झाला तर डायचा कोपरा टवका उडून जातो. म्हणून ब्लॉकच्या कंपनीने दिलेल्या वॉशर, स्प्रिंग आणि स्क्रूंचा क्रम जसाच्या तसा पाळा. दुसऱ्या ब्लॉकचे स्क्रू ‘मापात बसले’ म्हणून लावू नका.

लिक्विड मेटल

लिक्विड मेटलच का, पेस्ट का नको? साधा हिशोब आहे. ०.०५ मिमीचा थर धरा. ८ वॅट प्रति मीटर-केल्विन उष्णतावाहकतेची पेस्ट असेल तर त्या ८० वॅटच्या सीसीडीवर एकट्या त्या थरात सुमारे ७ अंश जातात. ७३ ची लिक्विड मेटल असेल तर १ अंशही जात नाही. शिवाय उघड्या डायवर तापणं-थंडावणं चालू राहिलं की पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते.

एका सीसीडीला मोहरीच्या दाण्याएवढा थेंब पुष्कळ झाला. सिरिंजमधून थेंब आधी कपड्यावर काढा, कारण पहिल्या दाबाला ती भस्सकन जास्त सोडते. मग डायवर ठेवून काडीने चोळा. सुरुवातीला ती गोळा होऊन घरंगळते, पृष्ठाला धरतच नाही. चोळत राहा. एकदा का डाय भिजला की आपोआप आरशासारखी पसरते. कोपऱ्यांपर्यंत नेऊन तिन्ही डाय झाका. ब्लॉकच्या तळावर डाय टेकणार तेवढ्या जागेत असाच पातळ थर चोळा. दोन्हीकडे थर दिला की मध्ये कोरडी जागा राहत नाही. कुठेही थेंब फुगून उभा दिसला तर सिरिंजने परत ओढून घ्या. टॉवर केसमध्ये मदरबोर्ड उभा असतो, जास्तीची लिक्विड मेटल खाली ओघळते, आणि खाली ग्राफिक्स कार्ड असतं.

ब्लॉक बसवणं

ब्लॉक सरळ वरून टेकवा. टेकल्यावर सरकवू नका. चारही स्क्रू आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा. मग तिरप्या क्रमाने, एकेकाला अर्धा फेरा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात, तर ब्लॉक कलतो आणि सगळा भार डायच्या एका कडेवर येतो. हात या पायरीत जितका सावकाश तितका बरा. नळ्या जोडताना ब्लॉकवर ओढ येणार नाही इतकी लांबी ठेवा. फिटिंग हाताने घट्ट करा; पान्याने आवळली की ओ-रिंग चिरडते आणि गळती तिथूनच सुरू होते.

गळती तपासून मगच पाणी

पाणी भरण्याआधी हवेचा दाब देऊन तपासा. हातपंप आणि काट्याचा लीक टेस्टर मिळतो. लूपमध्ये ०.५ बारपर्यंत हवा भरा आणि अर्धा तास सोडा. काटा हलला नाही तर पुढे जा. हलला तर एकेक फिटिंग बघा.

पाणी भरताना पॉवर सप्लायचा मदरबोर्डकडे जाणारा एकही वायर जोडलेला नको. २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर लावून फक्त पंप चालवा. टाकी रिकामी होत आली की लगेच बंद करा, पुन्हा भरा, पुन्हा चालवा. पंप कोरडा फिरला तर खराब होतो. केस थोडी इकडेतिकडे कलती केली की रेडिएटरमधली हवा गडगडत टाकीत येते. फिटिंगांखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास पाणी फिरू द्या.

पंपाच्या वेगाची वायर सीपीयू फॅनच्या हेडरला जोडा, आणि तिथे वेग दिसला नाही तर मशीन सुरू होऊ नये असं बायोसमध्ये ठेवा. झाकणाशिवाय डायला उष्णता साठवायला तांब्याचा जाड तुकडा उरलेला नसतो. पंप बंद पडला तर तापमान फार झपाट्याने चढतं.

पहिल्यांदा चालू करताना

स्क्रीन काळी राहील. एएम५ वर पहिल्यांदा रॅमची जुळवणी व्हायला काही मिनिटं लागू शकतात, तेव्हा घाबरून बंद करू नका. बायोस उघडल्यावर आधी रॅम पूर्ण दिसते का बघा. मग तापमान. बायोसमध्येच ते भराभर चढत असेल तर बंद करा, ब्लॉक नीट टेकलेला नाही.

सगळं ठीक असेल तर तीच १५० वॅटची चाचणी परत घ्या आणि डाय वजा पाणी हा आकडा जुन्याशी ताडून बघा. मगच मर्यादा २३० वर न्या.

उन्हाळ्याचा अंदाज आधीच बांधून ठेवा. पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. नागपुरात मे महिन्यात एसी नसलेली खोली ३८ अंशांवर असेल, तर पाणी ४७-४८ पर्यंत जाईल आणि डायचं तापमान तेवढ्याच अंशांनी वर सरकेल. पाणी ५० च्या वर जाऊ देऊ नका, पंप आणि नळ्यांचं आयुष्य कमी होतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेची धास्ती मात्र घेऊ नका. पाणी खोलीहून थंड नसल्यामुळे ब्लॉकवर दव साठत नाही. ती भीती चिलर लावणाऱ्यांना.

पुढची देखभाल

कूलंट वर्षातून एकदा बदला. धुळीच्या गावात रेडिएटरच्या जाळ्या महिन्याला झटका. दर दोन-तीन महिन्यांनी तीच १५० वॅटची चाचणी घेऊन आकडा वहीत लिहा. दोन्ही सीसीडी आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर सारखंच वाढलं, तर दोष पाण्याच्या बाजूला: प्रवाह मंदावला असेल, ब्लॉकच्या पात्यांत कचरा बसला असेल. एकच सीसीडी दुसऱ्यापेक्षा पाच-सात अंशांनी दूर जाऊ लागली, तर ब्लॉक कलला आहे किंवा तिच्यावरची लिक्विड मेटल सुकली आहे. अशा वेळी आधी स्क्रू न आवळता ब्लॉक उघडा. तळावर थर कुठे लागला आणि कुठे कोरडा राहिला, याचा ठसा स्पष्ट दिसतो. जुना थर पुसा, नवा चोळा, आणि परत तिरप्या क्रमाने, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने बसवा.